आजीचे मत

भिवंडीतल्या महाविद्यालयात मराठी शिकवताना एक सोय आहे आणि एक पंचाईत आहे. वर्गात पन्नास मुले बसलेली असली तर त्यांत घरी पुस्तकी मराठी बोलणारी पाच-सातच निघतात. कोणाच्या घरी तेलुगू, कोणाच्या घरी उर्दू, कोणाची आई जौनपूरकडची, तर कोणाच्या घरी अस्सल आगरी ठसका. सोय ही, की आपल्याच भाषेकडे परक्याच्या डोळ्यांनी पाहण्याची संधी रोज फुकटात मिळते. आणि पंचाईत ही, की अशा वेळी प्राध्यापकालाही उत्तर देता येत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. निबंधाच्या तासाला ‘माझे मत असे आहे की’ या शब्दांचे हिंदी एका विद्यार्थिनीने केले, ‘मेरा वोट यह है कि’. वर्ग हसला, मीही हसलो. ती मात्र गोंधळून म्हणाली, “सर, मतदार म्हणजे वोट देनेवाला ना? मतपेटी म्हणजे वोटची पेटी ना? मग मत म्हणजे वोटच की!”

मी तेव्हा काहीतरी सांगून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र विचार करीत बसलो. इंग्रजांनी या दोन गोष्टींना दोन शब्द ठेवले आहेत, ओपिनियन आणि व्होट. आपण दोन्हींची सोय एकाच शब्दात करून टाकली. ‘मन्’ या संस्कृत धातूपासून निघालेला हा शब्द. मनाने जे मानले ते मत. तेच मनातून बाहेर पडले की पेटीत जाऊन बसते, असा आपला भाबडा समज. मनापासून पेटीपर्यंतचा रस्ता जणू सरळ आणि डांबरी! भिवंडीतल्या रस्त्यांची ज्यांना कल्पना आहे त्यांना या उपमेतली अडचण सांगावयास नको.

या रस्त्याचा आरंभ घरातून होतो. आमच्या घरात राजकीय पक्ष हा कुळाचारासारखा होता. आमचे आजोबा, त्यांना आम्ही आप्पा म्हणत असू, पक्के काँग्रेसवाले. बैलजोडी गेली, गाय-वासरू आले, तेही जाऊन हात आला. आप्पांची टोपी तीच राहिली. त्यांच्या पुढ्यात जेवायला बसून दुसऱ्या पक्षाची बाजू घेणे म्हणजे नैवेद्याच्या पानात लसूण वाढण्यासारखे होते. आमचे वडील पुढे त्या पक्षापासून दूर गेले, पण आप्पा असेपर्यंत तसे घरात बोलले नाहीत. १९९४ साली आप्पा गेले आणि बाबांना एकदम मते फुटली. मिसरूड फुटावे तशी.

यात आमच्याच घराचे काही वैशिष्ट्य आहे असे मला पूर्वी वाटे. पुढे लाझार्सफेल्ड या समाजशास्त्रज्ञाचा अभ्यास वाचनात आला. १९४० साली अमेरिकेत रूझवेल्ट आणि विल्की यांची लढत होती. ओहायो राज्यातल्या ईरी नावाच्या परगण्यात या विद्वानांनी सुमारे सहाशे माणसे निवडली आणि मे ते नोव्हेंबर दर महिन्याला त्यांना गाठून विचारले, की तुमचा विचार काय? वृत्तपत्रे आणि रेडिओ माणसाचे मन कसे वळवतात हे त्यांना दाखवायचे होते. दिसले भलतेच. प्रचाराला तोंड फुटण्यापूर्वीच बहुतेकांचे ठरलेले होते, आणि ते ठरले होते घरात, शेजारात, कामाच्या ठिकाणी. प्रचाराने पक्ष बदलणारे फारच थोडे. वृत्तपत्राचा परिणाम झालाच तर तोही थेट नाही. आधी कोणीतरी एक जाणता गृहस्थ ते वाचतो आणि मग त्याचे ऐकून बाकीचे आपले मत बनवतात.

हे वाचले आणि मला आमच्या गल्लीतले चहाचे दुकान आठवले. मागांची खटखट तिथे अष्टौप्रहर चालू. त्या आवाजावर आवाज चढवून एक चष्मेवाले चाचा उर्दू वर्तमानपत्र मोठ्याने वाचीत. समोर आठ-दहा मागकामगार. चाचा बातमी वाचीत आणि लगेच आपली टीका जोडीत. बातमी कुठे संपली आणि चाचा कुठे सुरू झाले, हे ऐकणाऱ्याला कळत नसे. आता चाचा नाहीत आणि वर्तमानपत्रही बहुतेकांच्या हातातल्या फोनमध्ये शिरले आहे. परंतु फोनवरचा मजकूर पुढे ढकलणारा कोणीतरी चाचा प्रत्येक घरात असतोच. आमच्या घरात ते पद सध्या आमच्या चिरंजिवांकडे आहे.

डावे आणि उजवे ही विभागणी मी वर्गात सांगतो तेव्हाही भाषा अशीच आडवी येते. १७८९ साली फ्रान्सच्या सभागृहात राजाच्या अधिकाराची बाजू घेणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले आणि विरोध करणारे डाव्या हाताला; एवढ्या बसण्याच्या व्यवस्थेवर जगाचे राजकारण सव्वादोनशे वर्षे चालले आहे. आपल्याकडे मात्र ‘डावे-उजवे करणे’ म्हणजे पंक्तिप्रपंच करणे, आणि डावे ते कमी प्रतीचे. मराठीत बिचाऱ्या डाव्यांचा निम्मा पराभव शब्दकोशातच होऊन गेला आहे! आणि खरे सांगायचे तर आमच्या शहरातला मतदार डावाही नाही आणि उजवाही नाही. विजेचा दर किती, सूत काय भावाने मिळते आणि पाणी किती वाजता येते, यांवर त्याचे तत्त्वज्ञान उभे आहे. त्याला विचारसरणी नाही असे म्हणणारे पंडित मला भेटतात. मला वाटते, त्याच्या विचारसरणीला नाव नाही, इतकेच.

एकेकाचे मत असे बनते. सगळ्यांचे मिळून जे ‘लोकमत’ म्हणतात ते मोजायचे कसे? १९३६ साली अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना कार्डे पाठवली. वीस लाखांहून अधिक परत आली. साप्ताहिकाने छातीठोकपणे छापले, की रूझवेल्ट पडणार आणि लँडन येणार. प्रत्यक्षात लँडनना अवघी दोन राज्ये मिळाली. कार्डे पाठवली होती टेलिफोन आणि मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांवरून. मंदीच्या त्या दिवसांत ज्यांच्या घरी चूल पेटण्याची मारामार होती त्यांना विचारले कोणी? गॅलप नावाच्या गृहस्थांनी त्या मानाने मूठभर माणसे विचारली, परंतु सगळ्या थरांतली विचारली, आणि निकाल बरोबर सांगितला. साप्ताहिक दोन वर्षांत बंद पडले. (संपादकांनी हे वाक्य मनाला लावून घेऊ नये.)

गॅलपचे शास्त्र तेव्हापासून पुष्कळ पुढे गेले. पण माणूस त्याच्याही पुढे गेला. १ जून २०२४ च्या संध्याकाळी दूरचित्रवाणीवर मतदानोत्तर चाचण्यांचे आकडे आले. सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या वर जागा, असे बहुतेकांचे म्हणणे. ४ जूनला मोजणी झाली तेव्हा आघाडीला २९३ मिळाल्या आणि भारतीय जनता पक्षाला एकट्याला २४०. विचारणाऱ्यांचे गणित चुकले की सांगणाऱ्यांनी सांगितलेच नाही? जर्मनीतल्या नोएल-नॉयमान या विदुषींनी १९७४ साली एक सिद्धान्त मांडला होता. आपले मत अल्पमतात आहे असे वाटले की माणूस गप्प बसतो. तो गप्प बसला की ते मत आणखीच एकाकी दिसते. मग दुसराही गप्प बसतो. मौनाचे भोवरे असे रुंदावत जातात.

भिवंडीला हे जर्मनीहून शिकावे लागले नाही. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी इथे दंगल उसळली; न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. मे १९८४ मध्ये पुन्हा शहर जळले. ज्या गावात मोठ्याने उच्चारलेल्या मताची किंमत घराच्या वाशांनी चुकवावी लागते, तिथले लोक मत विचारणाऱ्याला काय सांगणार? २०२४ च्या निवडणुकीआधी मी ओळखीच्या पाच-सहा जणांना सहज विचारले. मागवाला म्हणाला, “देखेंगे.” सायझिंगमधला तेलुगू मुकादम म्हणाला, “अजून टाइम आहे ना सर.” आगरी दूधवाला नुसताच हसला.

परंतु याच शहराने मौन मोडण्याचा एक उपायही केला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस इथे आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. पुढारी मंडळींना बाजूला ठेवून गल्लीतली साधी माणसे, हिंदू आणि मुसलमान दोन्ही, बीटच्या पोलिसासह नियमाने एकत्र बसू लागली. बोलणी तरी कसली? नळाची, गटाराची, सासू-सुनेच्या भांडणाची. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. बाबा अशा बैठकांना जाऊन आले की आप्पा चिडवीत, “काय ठरलं तुमच्या लोकसभेत?” डिसेंबर १९९२ आला. अयोध्येची बातमी आली. तासा-दीड तासाच्या अंतरावरची मुंबई पेटली, जानेवारीत पुन्हा पेटली. आणि ज्या भिवंडीचे नाव दंगलीशी कायमचे जोडलेले, ती भिवंडी शांत राहिली. त्या रात्री बाबा आणि समोरच्या गल्लीतले दोन मुसलमान गृहस्थ कोपऱ्यावर खुर्च्या टाकून बसले होते. आजीने तिघांना चहा पाठवला होता, एवढे मला पक्के आठवते. लोकमत म्हणजे दहा हजार उत्तरांची बेरीज, असे पुस्तकात लिहिलेले असते. मला विचाराल तर त्या रात्रीचे लोकमत तीन खुर्च्यांवर बसलेले होते आणि ते कोणत्याही चाचणीत सापडले नसते.

आता मताकडून मतपेटीकडे. २००८ च्या फेररचनेत भिवंडी हा लोकसभेचा स्वतंत्र मतदारसंघ झाला. २००९ साली इथून काँग्रेसचे सुरेश टावरे निवडून आले. २०१४ आणि २०१९ मध्ये भाजपचे कपिल पाटील. २०२४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरद पवार गटाचे सुरेश म्हात्रे, म्हणजे आमचे बाळ्यामामा. त्यांना पाच लाखांच्या किंचित आत मते पडली आणि ते सुमारे ६६ हजारांनी आले. परंतु नीलेश सांबरे या अपक्षानेच दोन लाखांहून अधिक मते घेतली होती. म्हणजे विजयी उमेदवाराला जेवढ्यांनी मते दिली त्यांपेक्षा न दिलेले अधिक. आपल्या पद्धतीत यात वावगे काही नाही. ज्याचे घोडे नाकाच्या टोकाने पुढे, तो जिंकला. विधानसभेला २०१९ साली भिवंडी पूर्वमध्ये रईस शेख यांचे घोडे सुमारे तेराशे मतांनीच पुढे होते.

मौज पुढेच आहे. मे २०२४ मध्ये ज्या मतदारसंघाने विरोधी आघाडीचा खासदार दिला, त्याच मतदारसंघातल्या सहा विधानसभा जागांपैकी पाच नोव्हेंबर २०२४ मध्ये महायुतीकडे गेल्या. सहा महिन्यांत लोकांची मते फिरली काय? थोडी फिरली असतील. पण मला वाटते, प्रश्नच वेगळा विचारला गेला होता. दिल्लीत कोण हवा, हा एक प्रश्न. आपल्या दारातला रस्ता कोण करील, हा दुसरा. ‘तुला जेवायला काय हवे’ आणि ‘तुला कोणाच्या हातचे हवे’ या प्रश्नांची उत्तरे एकच माणूस दोन दिल्याने खोटारडा ठरत नाही.

आणि पेटीतून बाहेर पडल्यावर मताचे काय होते, तेही आम्ही पाहिले आहे. २०१७ साली भिवंडी-निजामपूर महापालिकेच्या ९० जागांपैकी ४७ काँग्रेसला मिळाल्या, स्वच्छ बहुमत. डिसेंबर २०१९ मध्ये महापौरपदाची निवड झाली तेव्हा काँग्रेसचेच १८ नगरसेवक पलीकडे गेले आणि महापौर झाल्या कोणार्क विकास आघाडीच्या प्रतिभा पाटील. या आघाडीचे नगरसेवक होते अवघे ४. सौ. त्या दिवशी म्हणाली, “भाजी एका टोपलीतली निवडून घ्यावी, आणि घरी येऊन पाहावे तर पिशवीत दुसरीच निघावी!” मी राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांना याची उपपत्ती विचारली, त्यांनी अर्धा तास सांगितली. सौ.ची मला अधिक पटली.

ज्यांना हा खेळ खेळायलाच मिळत नाही त्यांच्याविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. आम्हा प्राध्यापकांना निवडणुकीचे काम लागते. एका निवडणुकीत मी केंद्राध्यक्ष होतो. पहाटे उठून प्रतिनिधींच्या समक्ष अभिरूप मतदान करायचे, ते पुसून यंत्र कोरे करायचे आणि सातच्या ठोक्याला दार उघडायचे. मत दिल्यावर काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते. आपले मत आपल्याला सात सेकंद दिसावे आणि मग पाच वर्षे दिसू नये, ही कल्पना ज्या कोणाला सुचली तो मोठा तत्त्वज्ञ असला पाहिजे!

दुपारी अकराच्या सुमारास पन्नाशीचा एक कामगार आला. अंगावर सुताची तुसे तशीच. यादीत नाव सापडेना. ओळखपत्र होते, मागच्या वेळी मत दिल्याची आठवण होती, नाव मात्र नाही. यादीबाहेरच्या माणसाला मत देऊ देण्याचा अधिकार मला नव्हता. मी समजावले. तो ओळखपत्र उलटसुलट करीत म्हणाला, “साहब, आदमी तो मैं यहीं खड़ा हूँ.” मागे रांग खोळंबली होती. तो बाजूला झाला आणि भिंतीला टेकून बराच वेळ मतदान पाहत उभा राहिला. त्याने तंबी घेतली नाही, गोंधळ केला नाही. त्यानेच मला अधिक अवघडल्यासारखे झाले. असे आणखी कितीतरी. कोणाचे नाव गावाकडे, कोणाचे दोन खोल्यांपूर्वीच्या पत्त्यावर. भिवंडी शहरात निम्म्याच्या आसपासच मतदान होते, म्हणून वर्तमानपत्रे दरवेळी मतदारांच्या आळसावर अग्रलेख लिहितात. त्या अग्रलेखांच्या लेखकांना मला त्या भिंतीपाशी नेऊन उभे करावेसे वाटते.

इतके सगळे झाल्यावर आता आमच्या आजीकडे वळतो. खरे म्हणजे लिहायला बसलो होतो तिच्यासाठीच.

आजीचा जन्म १९३६ चा. त्या काळी मताधिकार एकविसाव्या वर्षी मिळे. अठरा वर्षांचा नियम १९८९ मधला. म्हणजे तिचे पहिले मत १९५७ सालचे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने त्या वेळी घराघरांतून दुफळी केलेली. आजीचे सासर, म्हणजे आप्पा, काँग्रेसचे, माहेर समितीचे. तिचा पाठचा भाऊ गिरणगावात नोकरीला होता आणि जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत गोळीबार झाला त्या दिवसांत डोक्याला लाठी खाऊन आला होता. जखमेवर हळद आजीनेच भरली. पुढे वर्षभराने निवडणूक आली. आप्पांनी बजावले, “बैलजोडीच्या पेटीत टाक.”

त्या वेळी कागदावर शिक्का मारायचा नसे. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचे चिन्ह; हव्या त्या पेटीत कागद टाकायचा. एकवीस वर्षांची आजी कडेवर आमच्या थोरल्या आत्याला घेऊन त्या पेट्यांसमोर उभी राहिली. एका बाजूला नवऱ्याचा शब्द, दुसऱ्या बाजूला भावाचे डोके. “पोरीनं हात घातला होता पेटीवर, चित्र दिसलं म्हणून,” एवढे ती सांगते. कोणत्या चित्रावर, ते सांगत नाही.

इंग्लंडात १८७२ पर्यंत मत तोंडी द्यावे लागे, जमीनदाराच्या आणि मालकाच्या देखत. मत गुप्त असावे अशी मागणी झाली तेव्हा जॉन स्टुअर्ट मिलसारख्या उदारमतवाद्याने तिला विरोध केला. मत ही समाजाने सोपवलेली जबाबदारी. ती चारचौघांत पार पाडावी, असे त्याचे म्हणणे. मिलसाहेबांविषयी मला अतिशय आदर आहे. पण ते कधी भिवंडीत सून म्हणून नांदले नव्हते.

आप्पा आयुष्यभर सांगत, “आमच्या घरची दोन मते बैलजोडीला.” आजी पोळ्या लाटीत असे.

२०२४ च्या लोकसभेला पंचाऐंशी वर्षांवरच्या मतदारांना घरून मत देण्याची सोय झाली. आजी अठ्ठ्याऐंशीची, गुडघे गेलेले. मतदानाच्या काही दिवस आधी पथक घरी आले. अधिकारी, पोलीस, चित्रण करणारा मुलगा, आणि आडोशासाठी पुठ्ठ्याचा खोका. सौ.ने लगबगीने सरबत केले; ते कोणी घेतले नाही, नियमात बसत नव्हते म्हणे. बाबा पुढे होऊन म्हणाले, “तिला नीट दिसत नाही. मी मदत करतो.” दृष्टी अधू असेल तर सोबत्याला मदत करता येते. अधिकाऱ्यांनी आजीकडे पाहिले.

“दिसतंय मला,” आजी म्हणाली. “तू गॅलरीत जाऊन उभा राहा.”

साठी ओलांडलेला मुलगा निमूटपणे गॅलरीत जाऊन उभा राहिला. त्याच्या पाठोपाठ मी गेलो, चिरंजीव गेले. दाराच्या फटीतून मला तिची पाठ तेवढी दिसत होती. लांबलचक कागद तिने पुठ्ठ्याआड उघडला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवीत नेले, पुन्हा वर आणले. इतका वेळ लागला की बाबा दोनदा खाकरले. मग कागदाची घडी झाली, पाकीट बंद झाले, तिने सही केली, तीही मोडीच्या वळणाची, आणि पथक पुढच्या घरी गेले.

बाबांना राहवेना. जेवताना त्यांनी आडून विचारले, “चिन्ह सापडलं ना गं तुला?”

“सापडलं की.”

“कुठलं?”

“वाढ गं त्याला,” आजी सुनेला म्हणाली. “ताक राहिलंय.”

४ जूनला दिवसभर घरात दूरचित्रवाणी चालू होती. संध्याकाळी बाळ्यामामांचे नाव जाहीर झाले. बाबा मुद्दाम उठून तिच्या खोलीत गेले, तिच्या कानाशी वाकले आणि कोण निवडून आले, कोण पडले, किती मतांनी, हे सगळे त्यांनी तिला सावकाश सांगितले. सांगताना तिच्या चेहऱ्यावरून नजर हलू दिली नाही.

“असं होय,” आजी म्हणाली, आणि चष्मा काढून पदराने पुसू लागली.